ये म्हटलं की जातो

रनाळे, ता. २१ जून १९६०

चि. धुडकू यास,

तुझ्या आईला लिहिता येत नाही म्हणून हे पत्र मी लिहितो आहे. याचा दुसरा काही अर्थ काढू नये.

तुझा कुत्रा परवा पोचला. जामसिंग नावाचा मोलगीकडचा पावरा आदिवासी त्याला दोराला बांधून घेऊन आला. नंदुरबारला मोटारीतून कुत्र्याला उतरवून दिलं म्हणे, तिथून दोघे पायी आले. माणूस थकला होता, कुत्रा नव्हता. सोबत तुझी चिठ्ठी, तीसुद्धा आईच्या नावाने. चार ओळी. ट्रेनिंगसाठी वर्षभर धुळ्याला आहे, वसतिगृहात कुत्रा ठेवू देत नाहीत, मे महिन्यात न्यायला येईन, नाव काबऱ्या. खाली सही 'डी. सी. पाटील'. मी वाचून दाखवलं तर आई विचारते, हा कोण? मी म्हटलं, तुझाच. नाव तेवढं धुवून घेतलं आहे त्याने.

या आखाजीला, अक्षय्यतृतीयेला, तीन वर्षं झाली. त्या दिवशी दाराशी मी तुला जो शब्द बोललो तो तू विसरला नसशील. मीही नाही. तो इथे काढायचा नाही, म्हणून काढत नाही. आपल्या एकुलत्या एका पोराने वीस एकर काळी जमीन सोडून डोंगरात जाऊन पोरांना मुळाक्षरं शिकवावी हे मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही, एवढंच लिहून ठेवतो.

कुत्र्याला आम्ही पाळू. तू दिलेली वस्तू तुला जशीच्या तशी परत मिळेल. जामसिंग जेवून लगेच निघाला. आई त्याला दारापर्यंत पोचवायला गेली, 'ये बरं, भाऊ' म्हणाली, आणि तो वळल्यावर कुत्रा त्याच्या मागे सुटला. मला म्हातारपणी गावकुसापर्यंत पळावं लागलं. सुरुवात ही अशी आहे.

आई विचारते, 'त्याले लिखा, पोटभर खास का नई?' उत्तर तिच्या नावाने लिहिलंस तरी चालेल.

चुडामण पाटील

---

रनाळे, ता. २४ जुलै १९६०

चि. धुडकू यास,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पोटभर खातोस हे आईला सांगितलं. कुत्र्याबद्दल तू तीन ओळींत चार प्रश्न विचारलेस, माझ्याबद्दल एकही नाही. असू दे.

तर कुत्र्याबद्दलच ऐक. तो बांधला की खात नाही. दोन दिवस भाकरीला तोंड लावलं नाही, वर अंबाडीचा नवा दोर चावून तोडला. म्हणून सोडावा लागतो. सोडला की माझ्यामागे शेतात येतो, आणि आपलं शेत कुठे आहे ते तुला ठाऊक आहे. बांध संपला की रेल्वेची लाइन. आषाढात तिथे दोन गावठी कुत्री आणि भिला गवळ्याची म्हैस कापली गेली. सोडलेला कुत्रा हाकेसरशी परत आलाच पाहिजे, नाहीतर मे महिन्यात तुला न्यायला काही उरणार नाही. आणि न्यायला काही उरलं नाही तर तू येशील कशाला, हे मला कळतं. मी काही दूधखुळा नाही.

म्हणून मी त्याला शिकवायला घेतलं आहे. पस्तीस हात लांब दोर बांधतो, त्याला बांधावर सोडतो आणि हाक मारतो, 'काबऱ्या, ये!' नाव घेतलं की बघतो. कान टवकारतो. तोवर सगळं ठीक. 'ये' म्हटलं की उठतो, शेपटी हलवतो, आणि पाठ फिरवून स्टेशनच्या वाटेला लागतो! दोर संपेपर्यंत जातो, मग मी ओढतो, मग तो चारी पाय रोवतो. ओढून ओढून माझ्या हाताची सालं निघाली. पुन्हा 'ये', पुन्हा तेच. न ऐकणारी कुत्री मी पाहिली आहेत. ती बसून राहतात. हा पठ्ठ्या ऐकतो आणि बरोबर उलटं करतो. जणू मुद्दाम.

हा स्वभाव त्याने कोणाकडून घेतला ते लिहायची गरज नाही.

तुम्ही तिथे कसं शिकवायचं ते शिकता आहात. पुस्तकात कुत्र्यांबद्दल एखादं पान असेल तर बघ. आणि तू त्याला काय म्हणून बोलावतोस ते कळव. डोंगरातला कुत्रा आहे, त्याला कदाचित आपली बोली समजत नसेल.

चुडामण पाटील

---

रनाळे, ता. २८ ऑगस्ट १९६०

चि. धुडकू,

तुझं उत्तर वाचून डोक्यात तिडीक गेली. 'मी त्याला कधी बोलावलंच नाही. तो माझ्याबरोबरच असतो.' एवढंच! याचा मी काय उपयोग करू? मी महिनाभर पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलो होतो तो हे वाचायला?

बरं, तुझ्याबरोबर असतो. माझ्याबरोबर का नसतो? मी त्याला भाकरी देत नाही? गूळ लावून देतो, ते तर तुलाही कधी दिलं नसेल. खिशात गूळ ठेवून ठेवून माझ्या सदऱ्याला मुंग्या लागल्या. हाक मारली नाही तर येतो, गूळ खातो, माझ्या पायावर बसतो. हाक मारली की चालला स्टेशनकडे. मी मनाशी ठरवलं होतं की मुळी हाक मारायचीच नाही. पण मग लाइनवर गेल्यावर काय करायचं?

वीरसिंग आठवतो ना, शेजारचा? पलटणीतून निवृत्त होऊन आला आहे, मिशा आणखी वाढल्या आहेत. तो म्हणाला, मी दाखवतो. बूट घालून आला, छडी घेऊन. 'कम हियर!' असा ओरडला की बाभळीवरचे कावळे उडाले. काबऱ्याने जांभई दिली. वीरसिंगाने छडी उगारली, तेव्हा काबऱ्याने त्याच्या पँटीचा पाय धरला तो सोडेना. आई भाकरी घेऊन धावली तेव्हा सुटका झाली. फाटलेली पँट सावरत वीरसिंग मलाच म्हणतो, 'चुडामण भाऊ, आयकत नई म्हंजे तो तुन्हाच शे.' सगळी गल्ली हसली. मी हसलो नाही.

मी ओरडतो यात शंका नाही. तुझी आई म्हणते, 'इतलं वरडतस तुम्ही, मी बी पळी जासू एक दिन.' मी म्हटलं, तू पण जा, म्हणजे मी आणि कुत्रा दोघेच राहू, बघू कोण कोणाचं ऐकतं. घरात 'जा' म्हटलेलं तिला खपत नाही हे तुला माहीत आहे. पाहुण्याचं राहू दे, दाराशी आलेल्या भिकाऱ्यालासुद्धा ती 'पुढे हो बाबा' म्हणते. मग दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही आणि संध्याकाळी कळण्याची भाकर तव्यावर करपली.

त्याला खरूज झाली होती. करंजाचं तेल लावतो. आता बरी आहे.

चुडामण

---

रनाळे, ता. १५ नोव्हेंबर १९६०

चि. धुडकू यास आशीर्वाद.

दिवाळीला तू येशील असं आईला वाटत होतं. मला वाटत नव्हतं. आठ दिवस सुट्टी होती असं तुझ्याच पत्रात होतं, म्हणून विचारतो.

जामसिंग येऊन गेला. ज्वारीच्या कापणीला डोंगरातली माणसं उतरली, त्यांत तो होता. शेतात पाऊल टाकलं नाही तोच काबऱ्या दोनशे हातांवरून त्याच्याकडे झेपावला. जामसिंगाने त्याच्या बोलीत काहीतरी म्हटलं, कुत्रा आडवा पडून पोट दाखवू लागला. पाच महिने भाकरी मी घालतो आहे!

मी जामसिंगला म्हटलं, बाबा, मला तुझा शब्द शिकव. त्याने शिकवला, मी म्हणून पाहिला, काबऱ्याने माझ्याकडे बघून शेपटी हलवली आणि जामसिंगच्या पायाशी बसला. जामसिंग खूप वेळ विडी ओढत बघत राहिला. मग त्याच्या मोडक्या अहिराणीत म्हणाला, 'तू बलावस, मंग बांधस. तो कसाले येई?'

मी भांडलो त्याच्याशी. म्हटलं, बांधायचं नसेल तर बोलवायचं कशाला? तो म्हणाला, बोलाव, काहीतरी दे, सोडून दे. पुन्हा बोलाव, दे, सोड. दहा वेळा बोलावशील त्यातून नऊ वेळा सोड. आणि आधी दहा पावलांवरून, मग वीस. तो आपणहून येत असेल तेव्हाच हाक मार, म्हणजे त्याची हाकेशी सांगड बसते. शंभर पावलांवरून बोलवायची घाई करू नको.

बोलणं शहाणपणाचं होतं. मला ते त्याच्या तोंडून ऐकावं लागलं याचा राग आला, पण खोटं कशाला बोलू. रात्री अंथरुणावर पडल्यावर मी आठवून पाहिलं. तुला मी किती वेळा 'आठे ये', इकडे ये, म्हणून हाक मारली आणि त्यातली किती वेळा नुसती, काही काम नसताना मारली. औत धर, पाणी बदल, हिशेब चुकला, सही कर. नुसती मारलेली एकही आठवली नाही. एखादी असेल. तुला आठवत असेल तर कळव.

जामसिंग निघाला तेव्हा आई दाराशी जाऊन नेहमीसारखं 'ये बरं' म्हणाली. काबऱ्या त्याच्या मागे सहा मैल गेला. वीरसिंगची सायकल घेऊन मी आणायला गेलो. माझं वय पंचावन्न आहे.

जामसिंगच्या पद्धतीने आता तीन आठवडे करतो आहे. बोलावतो, देतो, सोडतो. काही फरक नाही. 'ये' म्हटलं की उठतो आणि जातो. हे लिहितानासुद्धा संताप येतो. काल लाइनवर दोन रुळांच्या मध्ये बसून ऊन खात होता. गँगमनने शिव्या दिल्या, त्याला नाही, मला.

तुला जसाच्या तसा परत देईन असं लिहून बसलो आहे.

आबा

---

रनाळे, ता. २९ जानेवारी १९६१

चि. धुडकू यास आशीर्वाद.

काबऱ्या आता हाकेसरशी येतो.

कसा ते विचारू नको. एका मालगाडीच्या वेळी लाइनवर होता, वाचला, आणि तेव्हापासून येतो, एवढंच समज. दहा पावलांवरून, वीस पावलांवरून, मग हरभऱ्याच्या या बांधावरून त्या बांधापर्यंत. कालपासून शेळ्या चरत असताना बोलावतो, तरी येतो. मध्येच सशामागे लागला होता, तिथून वळून आला. गूळ देतो आणि सोडतो. संध्याकाळी एकदाच घरी नेतो, तेही बांधून नाही.

गावात मला हसतात. का हसतात ते लिहीत नाही. वीरसिंग रोज बांधावर येऊन बसतो, फुकटचा तमाशा असल्यासारखा.

थंडी पुष्कळ आहे. दादर ज्वारी चांगली आली आहे. तू पाठवलेला मफलर आईने मला दिला. तिने मागवला होता असं म्हणाली. तिला मफलर कशाला लागतो?

आबा

---

रनाळे, ता. २३ एप्रिल १९६१

चि. धुडकू यास अनेक आशीर्वाद.

पास झालास, पत्र मिळालं. आईने गावभर गूळ वाटला. मी काबऱ्यासाठी ठेवलेला गूळही त्यात गेला.

मेच्या सतरा तारखेला येतोस, दोन दिवस राहून कुत्रा घेऊन मोलगीला जातोस. ठीक आहे. मी स्टेशनवर येईन असं नाही, शेतात कामं असतात. बघू.

तू लिहिलंस की आल्यावर त्याला बोलावून दाखवा. त्याची काही गरज नाही. मी लिहिलं आहे ना, येतो म्हणून.

आबा

---

रनाळे, ता. १९ मे १९६१, दुपार

धुडकू, बाळा,

तुझी गाडी जाऊन तास झाला. मी स्टेशनवरून थेट घरी आलो, पाणीसुद्धा प्यायलो नाही, आणि लिहायला बसलो. हे पत्र तुझ्यानंतर चार दिवसांनी मोलगीला पोचेल, आणि ते चार दिवस तू काय समजून बसणार आहेस हे मला माहीत आहे. म्हणून आज काही लपवत नाही.

आधी त्या मालगाडीचं सांगतो. डिसेंबरातली गोष्ट. काबऱ्या रुळांच्या मध्ये बसला होता आणि दोंडाईच्याकडून मालगाडी येत होती. मी बांधावरून 'ये, काबऱ्या, ये!' म्हणून जीव खाऊन ओरडलो. तो उठला. आणि दोन रुळांच्या मधून स्टेशनच्या दिशेने चालू लागला. गाडी मागून येते आहे आणि हा पुढे चालला आहे, शेपटी हलवत. मी जितका 'ये' म्हणत होतो तितका तो भरभर चालत होता. शिट्टी वाजली. माझ्याने बघवेना. सहा महिन्यांचा सगळा राग एकदम तोंडात आला आणि मी ओरडलो, 'जाय! मर तथा! जाय!' आणि पाठ फिरवून, डोळे मिटून उभा राहिलो.

गाडी गेली. डबे मोजायची माझी सवय, त्या दिवशी मोजले नाहीत. मग माझ्या हाताला काहीतरी ओलं लागलं. काबऱ्या. माझ्या दोन्ही हातांकडे बघत होता, भाकरी कुठे आहे म्हणून.

मी तिथेच मातीत बसलो आणि रडलो. हे आईलाही सांगितलं नाही. नंतर बांधावर उभं राहून पुन्हा म्हणून पाहिलं. 'ये', चालला. 'जाय', धावत आला. पाच वेळा. माझं डोकं फिरायची वेळ आली.

घरी येऊन आईला हे सांगितलं, अर्थात रडणं सोडून. ती चुलीशी होती. ती हसायलाच लागली. म्हणाली, 'त्यानं काय चुकनं? आपला घरमा ये कोनले म्हनतस? जो जास, त्याले.'

खरं आहे रे. जामसिंग निघाला, तिने 'ये बरं' म्हटलं आणि तो गेला. कौसाबाई आत्या दोन दिवस राहून निघाली, 'ये बरं', आणि गेली. आलागेला, मजूर, पाहुणा, निघणारा म्हणतो 'येस', म्हणजे येतो, आपण म्हणतो 'ये', आणि माणूस स्टेशनच्या वाटेने दिसेनासा होतो. काबऱ्याने या घरात पहिल्या दिवसापासून हेच ऐकलं. ये म्हणजे उठायचं आणि वाटेला लागायचं. तो पहिल्यापासून माझं अगदी बरोबर ऐकत होता. आणि दुपारी मागल्या दारी आई त्याची भाकरी दगडावर ठेवते, ठेवेपर्यंत त्याला हाताने अडवून धरते, आणि सोडताना म्हणते, 'जाय, खाई ले.' घरात तो शब्द तिच्या तोंडून फक्त त्याच्यासाठी निघतो. जाय म्हणजे धावत यायचं, जेवायचं आहे.

मी दुसरा शब्द बसवायचा प्रयत्न केला. 'आठे' म्हणून पाहिलं, शीळ घालून पाहिली, जामसिंगचा शब्द पुन्हा घोकला. महिना घालवला. 'जाय'खेरीज कशालाच येईना. शेवटी लाइन पन्नास पावलांवर आहे, मला सोवळं पाळून चालणार नव्हतं. म्हणून सगळं शिक्षण त्याच शब्दावर केलं. दहा पावलं, 'जाय', गूळ, सोडला. वीस पावलं, 'जाय'. रोज सकाळी सगळं गाव ऐकतं, चुडामण पाटील बांधावर उभा राहून 'जाय, जाय' ओरडतो आणि कुत्रा धावत येऊन त्याच्या गळ्यात पडतो. वीरसिंग याचसाठी येऊन बसायचा.

हे मी तुला जानेवारीत लिहू शकलो असतो. तू हसला असतास. पण तो शब्द कागदावर लिहून तुला पाठवायची माझी छाती झाली नाही. कारण चार वर्षांपूर्वी, आखाजीच्या दिवशी, आई दाराशी तुला 'ये बरं' म्हणाली आणि मी मागून 'जाय' म्हणालो. पुढे काही जोडलं नाही, 'जाऊन ये' नाही, काही नाही. तू चपला घालता घालता थांबलास. तुझी पाठ मला दिसत होती. मला वाटलं तू वळशील आणि भांडशील. तू भांडला नाहीस, गेलास. मी दिवसातून वीस वेळा कुत्र्याला तो शब्द म्हणत होतो आणि दर वेळी तो येत होता. मी मनात म्हणायचो, बघ, हा येतो.

म्हणून तू काल तीनदा म्हणालास, 'आबा, त्याले बलाईसन दखाडा ना', आणि मी तीनदा टाळलं. ऊन आहे म्हटलं, तो दमला आहे म्हटलं. तू आईकडे बघून हसलास. तुला वाटलं, आबाने पत्रात थापा मारल्या. मला ते लागलं, पण तुझ्यासमोर तो शब्द काढण्यापेक्षा थापाडा ठरणं परवडलं.

आणि काल संध्याकाळी तू म्हणालास की मोलगीच्या खोलीचं छप्पर उडालं आहे, काबऱ्याला आत्ता नेत नाही, तुमच्याबरोबर बरा दिसतो, दिवाळीत न्यायला येतो. मी नुसतं 'बघ तुझं' म्हणालो. धुडकू, मला किती आनंद झाला म्हणून सांगू. छप्पर उडालेलं नसेलही, तरी चालेल. मी उठून गोठ्यात गेलो ते बैलांना वैरण घालायला नव्हे. वैरण आधीच घातली होती.

आज निघताना आई 'ये बरं' म्हणाली आणि काबऱ्या तुझ्याआधी वाटेला लागला. तू म्हणालास, कसा माझ्यामागे येतो बघा. दोर मी मुद्दाम घेतला नव्हता. तुझा कुत्रा मोकळा चालतो हे तरी तुला दिसावं.

स्टेशनात मी काय म्हणायचं ते सगळ्या वाटेने ठरवत आलो होतो. तू खिडकीतून हात बाहेर काढशील, 'येस' म्हणशील, आणि मी 'ये' म्हणेन. एक अक्षर. चार वर्षं ते घशात आहे. गाडी हलली. तू खरंच हात काढलास आणि म्हणालास, 'येस, आबा.' मी तोंड उघडलं, आणि काबऱ्याने तुझा 'येस' ऐकला. तो उठला आणि फलाटावरून उडी मारून गाडीच्या अंगाला लागून धावायला लागला, चाकांपासून हातभर. माझ्या तोंडात 'ये' होता. तो म्हटला असता तर काबऱ्या आणखी जोरात धावला असता. तू पाहिलंस की नाही मला माहीत नाही, तो तुझ्या खिडकीच्या अगदी खालून धावत होता, तुला दिसला नसणार. तुला मी दिसत होतो. हात वर करून, गाडीकडे तोंड करून, जीव तोडून 'जाय! जाय! जाय!' ओरडणारा तुझा बाप.

तू डोकं आत घेतलंस ते मी पाहिलं.

काबऱ्या वाचला. धुरातून परत आला, माझ्या पायावर बसला. खिशात गूळ होता, पण हात खिशात जाईना. स्टेशनमास्तरांनी विचारलं, पाटील, भांडण झालं का पोराशी?

तो शब्द कुत्र्यासाठी होता. आजचा. आणि चार वर्षांपूर्वीचा तुझ्यासाठी होता, पण तोही मी परत बोलवण्यासाठीच म्हटला होता, असं आज वाटतं. तू वळावंस एवढंच मला हवं होतं. चुकीचा शब्द होता. काबऱ्याची चूक नव्हती, तुझीही नव्हती, शिकवणाराच चुकला.

दिवाळीत कुत्रा न्यायला ये किंवा नेऊ नको. सुट्टी नसेल तर एक दिवसासाठी ये. शेताचं बोलणार नाही, सही मागणार नाही, काही काम सांगणार नाही. ये आणि पाहिजे तेव्हा परत जा, मी दाराशी नीट बोलेन.

वरची ओळ लिहिताना मी मोठ्याने म्हणालो वाटतं. काबऱ्या माझ्या पायाशी झोपला होता, तो उठला आणि दारातून बाहेर पडून स्टेशनच्या वाटेला लागला. त्याला परत बोलवायला आता मला अंगणात जाऊन काय ओरडावं लागणार ते तुला कळलंच आहे. ते ऐकून आई आतून हसेल.

पण तू माणूस आहेस, तुला मराठी येतं, तू शिकवतोस. तुला एकदाच सांगतो, सरळ अर्थाने.

ये.

आबा